रामन राघव वेडा होता, मग जक्कल कोण होता?

निवडुंग

गेल्या रविवारी आत्याकडे जेवायला गेले होते. टीव्हीवर कुठल्याशा वेब सिरीजची जाहिरात लागली. नेहमीचंच: अंधार, पाऊस, काळे हातमोजे घातलेला देखणा खुनी. आत्या ताक ओतता ओतता म्हणाली, "आमच्या वेळचा रामन राघव काही देखणा नव्हता बाई."

आत्या 1968 साली बारा वर्षांची होती, मालाडला चाळीत राहायची. रात्री गॅलरीत झोपणं बंद झालं, पुरुषमंडळी काठ्या घेऊन गस्त घालायची, एखादा अनोळखी भिकारी दिसला तरी त्याला मार बसायचा, हे सगळं तिला अजून स्वच्छ आठवतं. मग तिनं विचारलं, "तो वेडा होता म्हणे. मग वेडा माणूस इतके दिवस पोलिसांना चकवतो कसा? वेडा तरी असेल नाहीतर लबाड तरी."

या प्रश्नावर मी तिथे नीट बोलू शकले नाही, म्हणून हा धागा. मानसशास्त्रात एम. ए. केलंय, पण नोकरी बँकेत. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी रामन राघवची हकीकत. 1965-66 च्या सुमाराला मुंबईत रेल्वेलगतच्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले. संशयावरून तो पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटलाही. 1968 मध्ये उत्तर उपनगरांत पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. बळी सगळे गरीब, झोपेत डोक्यावर घाव. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. 27 ऑगस्ट 1968 ला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी जुन्या फोटोवरून ओळखून त्याला रस्त्यात धरलं. तो तोंड उघडेना. कोंबडी खायला घातल्यावर बोलायला लागला आणि मग हत्यार कुठे लपवलंय तेही त्यानं दाखवलं. (मुंबई पोलिसांनी केलेला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च असावा.) त्याच्याजवळ सापडलेल्या वस्तू: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले कागदाचे दोन तुकडे. ही यादी मला खुनांच्या वर्णनापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

खटल्यात त्याच्या मनःस्थितीवरून डॉक्टरांतच दुमत झालं. पोलीस सर्जननं जवळपास महिनाभर निरीक्षण करून सांगितलं, हा वेडा नाही. बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञानं सांगितलं, याला जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशयाचे भ्रम असलेला मनोविकार आहे. सत्र न्यायालयानं फाशी दिली. त्यानं अपील करायलाच नकार दिला. मग उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. मंडळानं त्याच्याशी पाच बैठका केल्या, प्रत्येक साधारण दोन तासांची. त्यात जे बाहेर आलं ते असं: त्याच्या लेखी जगं दोन. एक 'कानून'चं आणि दुसरं आपण राहतो ते. तो कानूनचा प्रतिनिधी. सरकारं तीन: अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं. आणि ही सगळी मंडळी त्याला पुरुषाची बाई करायला टपलेली, पण आपण 'एकशे एक टक्के' पुरुष आहोत, हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तर त्यानं तो घेतला नाही. कानूनचा माणूस या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही म्हणाला. फाशीची जन्मठेप झाली. येरवड्यात राहिला आणि 1995 मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं गेला.

आता आत्याच्या प्रश्नाकडे. तिच्या डोक्यातला वेडा म्हणजे कपडे फाडणारा, असंबद्ध बोलणारा. पण पॅरानॉइड स्किझोफ्रेनियात पुष्कळदा हिशेब शाबूत असतो, फक्त हिशेबाची पहिली ओळ चुकीची असते. तिथून पुढे माणूस रीतसर पावलं टाकत जातो. लपतो, हत्यार दडवतो, नावं बदलतो (याची तर पाच-सहा नावं होती: सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी). म्हणजे लबाडी आणि वेड एकाच घरात सुखानं नांदू शकतात.

दुसरी जात पूर्ण वेगळी: सायकोपॅथ. याला भास नाहीत, भ्रम नाहीत, जग एकच आहे आणि त्यात काय गुन्हा ते त्याला पक्कं ठाऊक आहे. फक्त समोरच्याच्या वेदनेचं त्याला काही वाटत नाही. हर्वी क्लेक्ली या अमेरिकी डॉक्टरनं 1941 मध्ये याचं पहिलं सविस्तर चित्र काढलं, पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअरनं 20 मुद्द्यांची मोजपट्टी केली. प्रत्येक मुद्द्याला 0 ते 2 गुण, एकूण 40, आणि 30 किंवा जास्त झाले की सायकोपॅथ. गोड बोलणं, फुशारकी, खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव, परोपजीवी जगणं वगैरे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या अभ्यासात तर असं दिसलं, की अशा कैद्यांना दुसऱ्याच्या वेदनेची चित्रफीत नुसती दाखवली तर मेंदू थंड, पण 'त्याला काय वाटत असेल ते मनात आणा' असं सांगितलं की मेंदू बऱ्यापैकी इतरांसारखा पेटतो. म्हणजे सहानुभूती नाहीच असं नव्हे, तिचं बटण त्यांच्या हातात आहे. अमेरिकेतला सीरियल किलर टेड बंडी हाताला खोटं प्लॅस्टर बांधून मुलींकडे मदत मागायचा. समोरच्याला काय वाटेल हे कळल्याशिवाय ही युक्ती सुचते का?

मेंदूच्या चित्रांबद्दल. संशोधक एड्रियन रेन यांनी 1997 मध्ये 41 खुनी आणि 41 सामान्य माणसांचे पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारी चित्रं) ताडून पाहिले. खुनी गटात कपाळामागचा भाग, म्हणजे आवर घालणारा, लगाम ओढणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, कमी काम करत होता. हा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. पुढच्या वर्षीचा मात्र कुणी सांगत नाही. त्यात त्यांनी खुन्यांचे दोन गट पाडले: रागाच्या भरात मारणारे आणि थंडपणे, शिकाऱ्यासारखे मारणारे. पुढचा भाग मंद होता तो पहिल्या गटाचा. शिकाऱ्यांचा जवळजवळ आपल्यासारखाच! रेन यांनीच तपासलेल्यांत रँडी क्राफ्ट होता, कॅलिफोर्नियातला संगणक सल्लागार, 16 खुनांसाठी दोषी. त्याचा प्रीफ्रंटल भाग चांगला लखलखत होता. आणि ते बरोबरच आहे. वर्षानुवर्षं न सापडता खून करायला लगामाचा मेंदू लागतोच.

माझं म्हणणं एवढंच, की 'सीरियल किलर' हे रोगाचं नाव नाही, पोलिसांच्या सोयीचं खातं आहे. एफबीआयच्या 2005 च्या परिषदेनंतरची व्याख्या बघा: एकाच माणसानं किंवा टोळीनं वेगवेगळ्या घटनांत केलेले दोन किंवा जास्त खून. यात मनाचा उल्लेख तरी आहे का? 'ताप' या शब्दासारखं आहे हे. मलेरियालाही ताप, डेंग्यूलाही ताप, टायफॉइडलाही. तापाचा जंतू शोधायला निघालेल्याला काय सापडणार?

मग पुण्यातल्या 1976-77 च्या खूनसत्रातल्या जक्कलला कुठल्या खात्यात टाकायचं, ते पुणेकरांनी सांगावं.

फोडणी

जेवता जेवता वाचायला घेतला. चूक झाली. कोंबडी होती.

टिळकरोडचा_म्हातारा

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणून लिहितो. जानेवारी 1976 ते मार्च 1977, दहा खून. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे हातात ब्रश असलेली पोरं. त्यातला पहिला बळी तर त्यांच्याच ओळखीतला विद्यार्थी. नंतर घरात शिरून आख्खी कुटुंबं संपवली, नायलॉनच्या दोरीनं. संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडायचे, दाराला साखळ्या आणि मॅजिक आय बसवून घ्यायची पुण्यात लाट आली, ती तेव्हाच. 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली.

यांच्यापैकी कुणाला भास होत नव्हते. आता निवडुंग म्हणतात ती सायकोपॅथी म्हणावी, तर एकाच कॉलेजात, एकाच कट्ट्यावर चार-चार सायकोपॅथ कसे उगवले? माझ्या मते एक म्होरक्या, आणि बाकीच्यांना त्याच्यासमोर भेकड ठरायचं नव्हतं. पहिल्या खुनानंतर परत फिरायची वाट बंद. पैसा, दारू, आपण सापडत नाही याची चटक. यात जीवशास्त्र कुठे शोधणार?

निवासी_डॉक्टर

मनोविकार विभागात आहे, नाईट संपवून लिहितोय, शुद्धलेखनाला माफी.

पहिली गोष्ट फार महत्त्वाची. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत. उलट त्यांनाच मारहाण, लुबाडणूक जास्त सोसावी लागते. आमच्या ओपीडीत निदान सांगितलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'म्हणजे हा आम्हाला मारेल का?' राघवचं उदाहरण देताना हे सोबत लिहायलाच हवं. त्याच्यावर वेळेत औषध झालं नाही, घर नाही, कुणी विचारणारं नाही, हेही त्याच्या आजाराइतकंच खरं.

दुसरं, पोलीस सर्जन आणि मंडळ यांच्यात फरक का पडला. संशयी रुग्ण आपला भ्रम सहजासहजी उघडा करत नाही. तुम्हीही त्या कटात सामील आहात असं त्याला वाटत असतं. जेवण, झोप, स्वच्छता सगळं ठीक दिसतं. पाच वेळा, तासन् तास बसल्यावर दार किलकिलं होतं. कोंबडीनं कबुली मिळते, आजार मिळत नाही.

तिसरं, कायद्यातला वेडेपणा आणि दवाखान्यातला वेडेपणा एक नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 84 (आता न्याय संहितेत 22) एवढंच विचारतं: कृत्य करताना त्याला त्या कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, मनोविकारामुळे कळत नव्हतं का? राघवला फाशी झाली आणि ती पुढे जन्मठेपेत बदलली, हे दोन्ही त्या फटीतून झालं. सायकोपॅथला तर या कलमाचा काहीच उपयोग नाही. त्याला सगळं कळत असतं.

कोरडवाहू

छान. म्हणजे एकाला आजार, दुसऱ्याला संगत, तिसऱ्याचं बालपण वाईट. दोषी कुणीच नाही. आमच्या गावात बापाचा मार न खाल्लेलं एक पोर दाखवा. सगळे शेती करतात, कुणी खून करत नाही.

गुणसूत्र

@कोरडवाहू, तुम्ही नकळत एका चांगल्या अभ्यासावर बोट ठेवलंत. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या मुलग्यांचं एमएओए हे जनुक तपासलं गेलं. हे जनुक मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) बनवतं. एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे पुरुषाकडे एकच प्रत, राखीव काही नाही. 2002 मध्ये निष्कर्ष आला: मंद जनुक आणि लहानपणी छळ, या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या ते गटात 12 टक्के होते, पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांत त्यांचा वाटा 44 टक्के. नुसतं मंद जनुक असून घर चांगलं मिळालेली मुलं बाकीच्यांसारखीच. म्हणजे मार खाल्लेले सगळे बिघडत नाहीत हे तुमचं खरं, आणि काहींना तोच मार जास्त लागतो हेही खरं.

पण माध्यमांनी याला 'खुनी जनुक' करून टाकलं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांतल्या एकाकडे ते असतं! आणि या जनुकाचा संबंध आहे भडकून हात उगारण्याशी. महिनोन् महिने पाळत ठेवून मारण्याशी नाही.

याआधी हीच गंमत एक्सवायवायची झाली. 1965 मध्ये स्कॉटलंडच्या कारस्टेअर्स इथल्या सुरक्षित रुग्णालयात जादा वाय गुणसूत्र असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. लगेच 'जादा पुरुष म्हणजे जादा हिंसक' असं गणित मांडून झालं. शिकागोत आठ परिचारिकांना मारणारा रिचर्ड स्पेक एक्सवायवाय आहे, असं छापूनही आलं. तपासणीत तो साधा एक्सवाय निघाला. 1976 च्या डॅनिश अभ्यासात एक्सवायवाय पुरुषांत गुन्हे जास्त दिसले, पण ते बहुतेक हिंसक नव्हते.

सांजवात

कोणी चार्ल्स व्हिटमनबद्दल लिहिलं नाही? 1966, टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळ्या झाडून अनेकांना मारलं. चिठ्ठीत स्वतःच लिहून ठेवलं होतं, की माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, मेल्यावर तपासा. तपासलं तर गाठ निघाली, भीती-राग सांभाळणाऱ्या अमिग्डालाजवळ.

निवडुंग

@सांजवात, तो एका दिवसात अनेकांना मारणारा, हे वेगळं खातं. आणि त्या गाठीमुळेच हे झालं असं तपास समितीलाही ठामपणे म्हणता आलं नाही. खऱ्या सीरियल किलरांच्या मेंदूंची कथा तर आणखी वैतागवाणी. जॉन वेन गेसीला 1994 मध्ये मृत्युदंड दिल्यावर मेंदू तपासला, काही सापडलं नाही. जेफ्री डाहमरचा मेंदू आईला संशोधनाला द्यायचा होता, वडिलांना जाळायचा होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1995 मध्ये वडील जिंकले.

डोक्याच्या माराबद्दल मात्र दुर्लक्ष करू नये. डोरोथी लुईस यांनी 1986 मध्ये मृत्युदंडाच्या 15 कैद्यांचा अभ्यास छापला. पंधराच्या पंधरा जणांना पूर्वी डोक्याला गंभीर इजा झालेली. कित्येकांच्या वकिलांनाही ते ठाऊक नव्हतं.

@टिळकरोडचा_म्हातारा, तुमचं पटलं. जक्कल एक खातं आणि बाकीचे तिघे दुसरं, असं करावं लागेल बहुतेक.

पणजीकर

आमच्याकडचा महानंद नाईक विसरलात. शिरोड्याचा रिक्षावाला. 1994 ते 2009, सोळा बायकांच्या खुनाचा आरोप. गरीब घरातल्या, लग्न जमत नसलेल्या मुली हेरायच्या, लग्नाचं वचन द्यायचं, घरच्यांना भेटायला जाऊ, दागिने घालून ये म्हणायचं, आणि दुपट्ट्यानं गळा आवळायचा. काही खटल्यांत जन्मठेप झाली, बऱ्याच खटल्यांत पुरावा न मिळाल्यानं सुटला. बायको-मुलगी असलेला, गावात नीट वागणारा माणूस. लोक विचारतात याच्या मेंदूत काय होतं. मी विचारतो, पंधरा वर्षं एकेक मुलगी नाहीशी होत होती, तेव्हा 'पळून गेली असेल' म्हणून वही मिटणाऱ्यांच्या मेंदूत काय होतं?

कोरडवाहू

पणजीकर, हे शंभर टक्के. गावित मायलेकींचंही तेच. 1990 ते 96, अंजनाबाई आणि रेणुका, सीमा या दोन मुली. गर्दीत पाकीट मारायचं, पकडलं गेलं की कडेवरचं लेकरू पुढे करायचं. लेकरू चोरीचं. रडून त्रास द्यायला लागलं की संपवायचं. यात भ्रम नाही, विकृत सुख नाही, नुसता धंदा. 2001 ला कोल्हापुरात दोघी बहिणींना फाशी सुनावली, 2006 ला सर्वोच्च न्यायालयानं कायम केली, आणि दयेच्या अर्जावर इतका वेळ काढला की 2022 ला उच्च न्यायालयानं जन्मठेप केली. याला कुठलं जनुक म्हणायचं?

निवासी_डॉक्टर

@कोरडवाहू, जनुक नाही म्हणता येणार. पण मुली आईच्या हाताखाली त्याच धंद्यात वाढल्या, हे विसरू नका. कारण सांगणं आणि माफ करणं यांत फरक आहे. मधुमेह का झाला ते कळलं म्हणजे साखर खायची परवानगी मिळाली असं होत नाही.

ओवी_आई

घाबरत घाबरत विचारते. फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, 'तुमचं मूल भावी सीरियल किलर आहे का? तीन लक्षणं': अंथरूण ओलं करणं, आग लावायची आवड, प्राण्यांना त्रास देणं. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी गादी ओली करतो. परवा देव्हाऱ्यातल्या निरांजनाशी खेळत होता. रात्रभर झोप नाही.

निवासी_डॉक्टर

ओवी_आई, आधी शांत व्हा. हे त्रिकूट आलं 1963 मध्ये डेन्व्हरच्या मॅकडोनल्ड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाकडून. त्याने पाहिलेले शंभर रुग्ण हे खून करणारे नव्हते, खुनाची धमकी देणारे होते. नंतर खुद्द त्यालाच आपल्या निरीक्षणाचा भरवसा राहिला नाही. अंथरूण ओलं करणं सात वर्षांच्या मुलांत भरपूर दिसतं, बहुतेकदा घरात आणखी कुणाचा तरी तसाच इतिहास असतो. आईबापांना, मामाला विचारा, कुणीतरी हळूच कबूल करेल. संध्याकाळनंतर पाणी बेतानं द्या, झोपण्याआधी लघवीला न्या, रागावू नका. बद्धकोष्ठ आहे का तेवढं बघा. पूर्वी कोरडा राहत होता आणि आता अचानक सुरू झालं असेल, खूप तहान लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

त्रिकुटातलं ज्याकडे खरंच लक्ष द्यावं असं एकच: प्राण्यांना मुद्दाम, पुन्हा पुन्हा, मजा म्हणून इजा करणं. तेव्हाही 'हा खुनी होणार' म्हणून नव्हे. अशा मुलावर घरात किंवा शाळेत कुणीतरी हात उगारत असण्याची शक्यता असते, ते शोधायचं. निरांजनाशी सगळीच मुलं खेळतात.

ओवी_आई

सासूबाईंना विचारलं. अहो नवव्या वर्षापर्यंत ओली करायचे!! इतकी वर्षं लपवलं होतं. 😂 मनापासून धन्यवाद डॉक्टर.

गुणसूत्र

जेम्स फॅलनची गोष्ट राहिली. कॅलिफोर्नियातले मेंदूशास्त्रज्ञ. खुन्यांचे स्कॅन तपासत असताना शेजारच्या गठ्ठ्यात, स्वतःच्या कुटुंबाच्या स्कॅनमध्ये, त्यांना एक ठळक सायकोपॅथी मेंदू दिसला. संकेतांक उघडून पाहिला तर तो त्यांचाच. जनुकंही तसलीच निघाली. आयुष्यभर प्राध्यापकी केली, संसार केला, 2023 मध्ये गेले. घरच्यांना म्हणे फारसं आश्चर्य वाटलं नाही.

फोडणी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा स्कॅन कुठे करून मिळेल? वर्गणी काढू.

टिळकरोडचा_म्हातारा

निवडुंग, एक विचारायचं राहिलं. मालाडच्या चाळीत गस्त घालायचं कोण? आणि त्यांनी कुणाला पकडलं होतं का?

निवडुंग

आत्याला फोन केला. माझे आजोबा, शेजारचे एक गिरणी कामगार आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, अशी तिघांची पाळी असायची. एका रात्री त्यांनी बाकड्याखाली झोपलेल्या एका माणसाला धरलं आणि बराच मारला. तो नुकताच गावाकडून आलेला हमाल निघाला. दुसऱ्या दिवशी आजीनं त्याला गरम पेज आणि हळदीचा लेप दिला. आजोबा त्यानंतर गस्तीला गेले नाहीत, काठी मात्र दाराशी तशीच ठेवलेली असायची.

तो हमाल पुढे दोन वर्षं चाळीत पाणी भरायला यायचा. त्याचं नाव काही आत्याला आठवेना.